साहेबाचा नळ

श्रीधर, आज तुझी तेरवी झाली आणि मी आलो नाही. कापसाची सरकी काढणाऱ्या जीनमधल्या साऱ्या बायका गेल्या, गाठी बांधणारे प्रेसवरचे हमाल गेले, तेलघाणीचा मुकादम ठेवणीतलं धोतर नेसून गेला, शेटजी मोटारीतून गेले. मी फॅक्टरीत राहिलो. गेटबाहेर कापसाच्या बंड्यांची रांग होती, बैल सोडलेले, बंडीवाले सावलीला पडलेले, आणि आत एकही मशीन चालू नव्हतं. ऐन हंगामात जीन बंद पाडणारा माणूस म्हणजे एक तर संपवाला पुढारी, नाही तर तू. मेल्यावरही तुझंच चालतं. मला तुझा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. तू होतास तेव्हा बोललो नाही, कारण तू हसला असतास आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या फॅक्टरीला सांगितलं असतंस.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तुझ्याबद्दल चांगलं बोलणाऱ्यांची देवळीत सध्या चढाओढ लागली आहे, तिथं माझी गरज नाही. मला भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू गेलास, आणि उरलेलं अर्धं मी एकटा डोक्यात घेऊन हिंडतो आहे.

मुंबईला कामगार-कल्याणाचा अभ्यासक्रम आपण एका बाकावर बसून केला. परीक्षेत मी तुझ्या वर होतो, तेवढं तरी मान्य कर. त्या विलायती पुस्तकात लिहिलं होतं की कामगार कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, कुठल्या गावचा हे फाटकाबाहेर ठेवून येतो. आत येतो तो फक्त कामगार. हे वाचून मला जे वाटलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. मी समुद्रपूरकडच्या एका खेड्यातल्या महारवाड्यातला पोर. जिथं फाटकाबाहेर सारं ठेवून आत जाता येतं अशी एक जागा या जगात आहे, हे मला त्या पुस्तकानं पहिल्यांदा सांगितलं. मी ते पान इतक्यांदा उघडलं की पुस्तक आपोआप तिथंच उघडू लागलं. तू मात्र त्या पानावर खदखदून हसलास. म्हणालास, "हे लिहिणाऱ्यानं आपल्याकडचा माणूस पाहिला नाही, किसन. तिकडचा माणूस घर सोडून कामावर जातो. आपला माणूस कामावर येताना घर सोबतच घेऊन येतो."

पुढं गोरे गेले आणि त्यांच्या कंपनीनं देवळीची जिनिंग-प्रेसिंग आपल्या शेटजींना विकली. कामगार शेटजींना विचारायला आले, आता आमचा मायबाप कोण? जुना साहेब डोक्यावर हॅट घालून, हातात छडी घेऊन यार्डातून फिरायचा, त्याला कुणी नावानं ओळखत नव्हतं, पण मायबाप म्हणायचे. शेटजींनी तुला पुढं केलं. तू देवळीचाच, तुझे वडील बाजारात सगळ्यांच्या ओळखीचे, तुला लेबर ऑफिसर केलं तर लोक निमूट राहतील, हा हिशेब. आणि तू म्हणालास, माझ्यासोबत किसनलाही घ्या, सरकारचा नवा कायदा त्याला तोंडपाठ आहे. म्हणजे बघ, नियमाची एवढी टिमकी वाजवणारा मी, मला नोकरी मिळाली ती तुझ्या शब्दावर. तू तुझ्या वशिल्याची एकदाही आठवण करून दिली नाहीस. करून दिली असतीस तर निदान तुझा राग तरी करता आला असता.

तुला माणसांसाठी ठेवलं होतं, मला सरकारी इन्स्पेक्टरला तोंड द्यायला. पहिल्याच आठवड्यात तू 'भाऊ' झालास आणि मी 'साहेब'. तुला तो मान वाटायचा. "पाह्य बाप्पा, मले नुसतं भाऊ म्हनतात, तुले साहेब," असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारायचास. तुला खरंच कळत नव्हतं का? ज्याला काका म्हणता येत नाही, मामा म्हणता येत नाही, ज्याच्या नात्याची वाट आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊ द्यायची नाही, त्याला साहेब म्हणतात. सोयीचा शब्द आहे. मान दिला की अंतर आपोआप राहतं.

पाण्याची गोष्ट मला तुझ्यापेक्षा चांगली आठवते. जीनमागच्या खोलीत रांजण होता आणि पाणी वाढायला एक म्हातारी बसवली होती. दुपारी आपण दोघं गेलो. तुला तिनं पितळी पेला दिला. माझ्याकडे बघून क्षणभर थांबली, मी कोण हे तिला कुणीतरी सांगितलेलं होतं, आणि मग तांब्या उंच धरला. मी खाली वाकलो आणि ओंजळ धरली. अंगात कोट होता, खिशात मुंबईचा डिप्लोमा घेतल्यावर विकत घेतलेलं पेन होतं. ओंजळ कशी धरायची हे हातांना आठवत होतं, मला विचारावंही लागलं नाही. तू बघितलंस. तुझा चेहरा उतरला. तू पेला खाली ठेवलास, माझ्याशेजारी वाकलास आणि म्हणालास, "मलेई असंच दे वं माय."

त्या दिवसापासून, एक दिवस सोडला तर, तू फॅक्टरीत पेल्यानं पाणी प्यालाच नाहीस. नेहमी ओंजळीनं. आणि बायका एकमेकींना सांगू लागल्या, "भाऊ किती साधा हाय, पाहा! एवढा सिकेल मानूस, पन ओंजळीनं पानी पेते." मीही ओंजळीनंच पीत होतो, श्रीधर. माझ्याबद्दल कुणी काही म्हटलं नाही. तू केलंस तो साधेपणा झाला, मी केलं ती माझी जागा होती. त्या म्हातारीवर मला राग आला नाही, तिला कुणी शिकवलं तसं ती वागत होती. राग तुझा आला. माझा अपमान वाटून घ्यायला तू खाली वाकलास आणि त्यातलं चांगलं तेवढं तुझ्या वाट्याला आलं.

मग लग्नं सुरू झाली. यमुनाबाई, जीनच्या बायकांची मुकादमीण, हिच्या पोरीच्या लग्नात मामा ऐन वेळी आला नाही म्हणून तू पोरीमागे मामा होऊन उभा राहिलास. मग काय, कुणाच्याही घरी मांडव पडला की मामा तूच. सेलूपर्यंत तुझ्या भाच्या पसरल्या. मला आमंत्रण यायचं, नाही असं नाही. टेबलावर आणून पत्रिका ठेवायचे. मी गेलो की शाळेतून आणलेली खुर्ची मांडवाच्या कडेला ठेवायचे, चहा कपबशीतून यायचा, ती कपबशी घराबाहेरच्या कोनाड्यातून काढलेली असायची ते मला दिसायचं. तू सतरंजीवर मांडी घालून बसलेला, अंगावर पोरं चढलेली, कुणी म्हातारी तुझ्या पानात जबरदस्तीनं वाढते आहे. त्या सतरंजीचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा कुणाच्या बंगल्याचा वाटला नाही. एकदा तू मला हाक मारलीस, "किसन, ये नं इकडं, खाली बस!" सारा मांडव गप्प झाला. मी म्हटलं, पाठ दुखते आहे. तू म्हणालास, या वयात पाठ? आणि सगळे हसले, मोकळे झाले.

आणि तुझी भाषा. मुंबईत तू माझ्याइतकंच स्वच्छ बोलायचास, इथं आलास आणि दुसऱ्या दिवसापासून 'मले-तुले' सुरू. लोकांना केवढं कौतुक. मलाही बोलता येत होतं, मी तर त्याच बोलीत वाढलो. पण मी तसं बोललो असतो तर लोकांना माझी बोली ऐकू आली नसती, माझी वस्ती ऐकू आली असती. म्हणून मी पुस्तकी बोलत राहिलो आणि कामगार म्हणत राहिले की साहेब ताठ आहेत.

आपलं भांडण यावरच तर होतं. कुणी दोन दिवस न सांगता गैरहजर राहिला की मी म्हणायचो, नोटीस द्या. तू त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन यायचास. मुकादम आपल्या भाच्या-पुतण्यांनाच कामावर घेतात म्हणून मी भरतीचे नियम केले, तू म्हणालास, भाचा असला की मामाच्या भीतीनं काम तरी करते. मी म्हणायचो, ज्याचा मामा इथं नाही त्यानं काय करायचं? तू म्हणायचास, त्याचा मामा आपन होऊ. "अरे, कायदा मले समजते, पन आपल्या मानसाले नातं समजते. नात्यातून सांगतलं तं ते मनापासून करते. फॅक्टरी म्हनजे एक मोठं घरच नाई का?" हे वाक्य तुझ्या तोंडी नेहमी असायचं. त्यावर माझं उत्तर नेहमी घशापर्यंत यायचं आणि थांबायचं. आज सांगतो. त्या घरात माझी जागा कुठं असते, ते तुला ठाऊक आहे का, श्रीधर? घरात मी अंगणाबाहेर. फॅक्टरी घर झाली तर मी फॅक्टरीतही अंगणाबाहेरच. मला फॅक्टरी ही फॅक्टरीच हवी होती.

म्हणून मी नळ आणला. कायद्यात पिण्याच्या पाण्याचं कलम होतं, इन्स्पेक्टरचा शेरा होता, शेटजींपुढं मी दोन्ही ठेवले. रांजण बंद, पाणी वाढणारी म्हातारी पाळणाघराच्या कामावर, आणि जीनच्या भिंतीला एक नळ, साखळीनं बांधलेला एक पेला, सगळ्यांना एकच. तू विनवलंस मला, "थोडा थांब. मी एकेकाले समजावतो. संक्रांतीपर्यंत सारे कबूल होतीन." मी म्हटलं, कायद्याला संक्रांत लागत नाही. तू दुखावलास. चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोललास.

पहिल्या दिवसापासून आमच्या, म्हणजे देवळीच्या महारवाड्यातल्या, बायका नळावर गेल्या. त्यांतली सखू सगळ्यांत पुढं, ती पेला भरून गटागटा पाणी प्याली आणि वर तिनं साखळी वाजवून दाखवली. बाकीच्यांनी घरून डबे-मडकी आणायला सुरुवात केली. कुणी भांडलं नाही, कुणी अर्ज केला नाही, फक्त नळाकडे जायचं नाही. मला माझा नळ दिवसभर कोरडा दिसायचा आणि तू खिडकीतून ते बघत होतास. मला वाटलं, तू मनातून खूश आहेस. मग एका दुपारी तू उठलास, यार्ड ओलांडलंस. सखू पाणी पीत होती. तिनं पेला सोडला, तो साखळीवर हलत होता, तो तू न विसळता भरलास आणि प्यालास. ओंजळ नाही. पेला. तो एकच दिवस तू फॅक्टरीत पेल्यानं प्यालास. यमुनाबाई दारातून बघत होती. दुसऱ्या दिवशी ती आली, नंतर हळूहळू बाकीच्या आल्या.

मी तुझे आभार मानायला हवे होते. मी म्हटलं, "कलम होतं म्हणून नळ आला." तू म्हणालास, "अन् लोक पेले कोनामुळं?" दोघंही हसलो आणि आपापल्या खोलीत गेलो. त्या नळाला पाणी माझ्यामुळं आलं आणि माणसं तुझ्यामुळं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच जळत होतो. लोक त्याला साहेबाचा नळ म्हणायचे, मला वाटायचं चिडवतात. तू पुन्हा ओंजळीवर गेलास, मी मात्र त्या दिवसापासून पेला सोडला नाही. कितीही तहान असो, पेला रिकामा होईपर्यंत थांबायचो. ओंजळीनं पाणी मी या जन्मापुरतं पिऊन घेतलं होतं. तू चिडवायचास, "साहेबाले पेला लागते!"

दुखवट्याच्या रजेचंही तसंच. नियम माझा. जवळच्या नात्यातलं माणूस गेलं तर भरपगारी सुट्टी, बाकी नाही. तू विचारलंस, "नातं कोन ठरवन?" मी म्हटलं, रेशनकार्ड. तू कपाळावर हात मारलास.

मग तुझा ताप. वर्ध्याच्या दवाखान्यात मी तुला शेवटचं बघितलं तेव्हा तू माझ्याकडे बघून म्हणालास, "पेला घेऊन आला का रे?" बोलायला त्रास होत होता तरी टोमणा चुकला नाही. तुझी आई कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. आपली इतक्या वर्षांची दोस्ती, पण त्या माउलीला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, कारण तुझ्या घरी मी कधी आलो नव्हतो. तू मला कधी बोलावलं नव्हतंस. देवळीच्या बाजारातून तुझं घर दिसतं, रोज तुझ्यासोबत त्या वळणापर्यंत यायचो, आणि वळणावर तू म्हणायचास, "चाल, येतो मी." यमुनाबाई तुझ्या अंगणात येऊन गेली होती, हमाल येऊन गेले होते, तेलघाणीचा मुकादम दिवाळीचा फराळ खाऊन गेला होता. मी नाही. मी त्याबद्दल कधी बोललो नाही, तूही नाही.

त्या दिवशी तू म्हणालास, "किसन, पानी दे."

खाटेशेजारी तांब्या होता, त्यावर पेला पालथा घातलेला. माझा हात पुढं गेला. त्याआधी तुझी आई उठली. पटकन उठली. मुलगा पाणी मागतो म्हटल्यावर आई उठणारच, त्यात काय? मी स्वतःला हेच सांगतो. तिनं तुला पाणी पाजलं. तू पाणी प्यालास आणि तोंड भिंतीकडे केलंस. मी निघालो. मला वाटलं, तुला माझ्याशी बोलायचं नाही. हा राग घेऊन मी देवळीला परत आलो आणि दोन दिवसांनी तू गेल्याची बातमी आली.

काल सकाळी भोंगा व्हायच्या आधी बायका माझ्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या. पुढं यमुनाबाई, मागं सखू.

"साहेब, उद्या सुट्टी पाह्यजे. दुखवट्याची."

"कुणाच्या?"

"भाऊच्या तेरवीले जातो आमी."

"नियम काय आहे, ठाऊक आहे ना? नातं लागतं."

"हाय नं," ती म्हणाली. "मी बहीन."

मी तिच्या मागचीकडे बघितलं. "मी बहीन." तिच्या मागची. "बहीन." व्हरांडाभर बहिणी उभ्या होत्या. एक अगदी पोरसवदा होती, ती म्हणाली, "मी भाची," तेवढाच काय तो फरक. सखूला मी विचारलं तेव्हा तिनं जरा ताठ मानेनं सांगितलं, "मीबी बहीनच."

तेवढ्यात शेटजी आले. "हे काय किसनराव? बाहर गाडियाँ खडी हैं, कापूस पडलाय, आणि या सगळ्या बहिणी? तुमचाच नियम ना? दाखवा यांना."

काय सांगू श्रीधर, माझा नियम माझ्याच हातात होता आणि तो वापरायची पुरेपूर संधी होती. तुझं 'मोठं घर' एका वाक्यात मोडता आलं असतं. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मला एवढंच दिसत होतं की या सगळ्यांकडे तुझ्याशी असलेल्या नात्याला एक शब्द आहे आणि तो त्यांना विचार न करता तोंडात येतो. हेव्यानं छाती भरून आली. मी शेटजींना म्हटलं, "नियमात नातं लिहिलं आहे. नातं कोण ठरवणार, ते लिहिलेलं नाही." शेटजी माझ्याकडे बघत राहिले. हे वाक्य माझं नव्हतं, त्यांनाही बहुतेक कळलं. बायकांना सुट्टी मिळाली. बायका चालल्या म्हटल्यावर हमालांनी मागितली, मग कोण कुणाला अडवणार?

निघता निघता यमुनाबाई वळली. "तुमी येता नं, साहेब?"

"बघू."

"तुमचा कोन लागत होता भाऊ?"

मला सांगता आलं नाही. मित्र म्हणायचं, तर ज्याच्या घरचा उंबरा आपण पाहिला नाही त्याला मित्र म्हणतात का, असा प्रश्न तिनं विचारला नसता, पण मला पडला. तू असताना ज्या घरी मला बोलावलं नाहीस, त्या घरी तू नसताना जेवायला मी जाणार नाही, असं मी ठरवलं. हट्ट म्हण हवं तर.

म्हणून आज एकटा बसलो होतो. दुपार उलटली तेव्हा रस्त्यानं बायका येताना दिसल्या. मला वाटलं, घरी चालल्या आहेत. पण त्या गेटमधून आत आल्या, सुट्टी असताना, ठेवणीतल्या लुगड्यांत, आणि सरळ नळावर गेल्या. मी व्हरांड्यात आलो. एकीमागून एक पाणी पीत होत्या, पेला हातोहात फिरत होता, कुणी विसळत नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

सखूनं यमुनाबाईकडे बघितलं. यमुनाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "काई नाई साहेब, तहान लागली."

"तिथं पाणी नव्हतं?"

"होतं नं. आमाले वसरीत बसवलं अन् सखूले, तिच्या बायांले तिकडं गोठ्यापाशी. भाऊची माय पानी वाढाले आली. आमाले पेले देल्ले अन् सखूच्या बायांले वरून तांब्या. म्हातारी हाय, तिले काय म्हनाव? पोरगा गेला तिचा. पन तो पेला माह्या हातात होता साहेब, अन् मले काई पानी पेववे ना. मी उठली. म्हनलं, सखू, चाल वं, आपल्या नळावर पिऊ. तं ह्या साऱ्याच उठल्या. भाऊचं जेवन टाकून कसं येऊ? जेवलो. पानी नाई पेलो."

"लाडू होते वं बाई," मागून कुणी म्हणालं, "लय तहान लागली." त्यावर त्या हसल्या आणि हसता हसता दोघी-तिघी रडायला लागल्या.

माझ्या नळासाठी या बायका तुझ्या घरून तहानलेल्या, उन्हातून चालत आल्या होत्या. कलमासाठी कुणी असं चालत येत नाही. आणि तू असतास तर नुसत्या तुझ्या शब्दावर त्यांनी तिथंच पाणी पिऊन घेतलं असतं, तुझ्या आईला वाईट वाटू नये म्हणून. मग यात जिंकलं कोण? सांग ना. मी हे भांडण आता कुणाशी भांडू?

"भाऊनं तुमाले कधी घरी नेलं नाई नं, साहेब?" यमुनाबाईनं विचारलं. सगळ्यांदेखत, सरळ.

"नाही."

ती मान हलवत राहिली. "काऊन नेलं नाई, ते मले आज समजलं."

मलाही तेव्हाच समजलं. मला घरी नेलं असतंस तर तुझ्या आईनं तांब्या उंच धरला असता आणि ते तुला तुझ्या घरात, तुझ्या डोळ्यांनी बघावं लागलं असतं. फॅक्टरीतल्या म्हातारीपुढं तुला खाली वाकता आलं. आईपुढं वाकता येत नव्हतं. म्हणून रोज वळणावर "चाल, येतो मी." म्हणून दवाखान्यात तोंड भिंतीकडे. तुला माझा कंटाळा आला नव्हता. तुला लाज वाटत होती. तू हसू सगळ्यांना वाटलंस, मामा सगळ्यांचा झालास, पंगतीत बसून सगळ्यांचं खाल्लंस. लाज मात्र तू माझ्या एकट्यासाठी ठेवली होतीस, इतकी वर्षं, रोज त्या वळणावर. यांपैकी एकाही बहिणीला ती मिळाली नाही. ती मी घेतो. मला एवढं पुरतं का? पुरत नाही. तू एकदा बोलायला हवं होतंस, आणि मी एकदा विचारायला हवं होतं.

यमुनाबाईनं पेला भरून माझ्यापुढं धरला. "घ्या साहेब. तुमीबी काई पेले नसान दिवसभर."

मी पेला घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या सखूच्या हातात दिला. नळ चालूच होता. मी खाली वाकलो आणि ओंजळ धरली. का, ते मला सांगता येणार नाही. वर तांब्या धरलेला कुणी नव्हता, एवढंच आठवतं. पाणी थंड होतं, कोटाच्या बाहीत गेलं.

"पाहा वं," यमुनाबाई बाकीच्यांना म्हणाली, "साहेब किती साधा मानूस हाय!"

सगळ्या मान डोलावू लागल्या. श्रीधर, या एका वाक्यासाठी मी इतकी वर्षं तुझ्यावर जळलो. आज ते माझ्याबद्दल कुणी बोललं, आणि ओंजळीतलं पाणी तसंच धरून मी एवढाच विचार करत होतो की हे वाक्य तुझ्याकडेच राहिलं असतं तर किती बरं झालं असतं.